सशाच्या पिल्लाची बाजू

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे आणि सध्या माझे तोंड भिंतीकडे आहे. मला असे कोणी वळवून ठेवले आणि का, ते ओघाने येईलच. भिंतीत पाहण्यासारखे काही नाही. थोडे पोपडे आहेत आणि एक वाकडा खिळा आहे. त्यामुळे मागचे आठवत बसायला मला वेळच वेळ आहे.

माझा जन्म एका सुतारखान्यात झाला. मी झाड होते तेव्हाचे मला काहीही आठवत नाही. ज्या खुर्च्या वारा, पाखरे आणि हिरवीगार पाने यांच्या आठवणी सांगत सुटतात, त्या थापा मारतात असे माझे स्पष्ट मत आहे. मला आठवतो तो रंधा, सरसाचा वास आणि पॉलिशचा ओला बोळा. मला दोन हात मिळाले, उंच पाठ मिळाली, आणि माझ्या भावंडांसोबत हातगाडीवर घालून मला सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभेच्या खोलीत आणून ठेवले. तिथे कार्यकारी मंडळ बसायचे. बसायचे म्हणजे काय, झोपायचेच. कोणीतरी ठराव वाचायचा, चहा यायचा, माझ्यावरचे गृहस्थ दचकून जागे व्हायचे आणि "मंजूर, मंजूर" म्हणायचे.

पुढे माझा मागचा एक पाय सैल झाला. अध्यक्ष बसता बसता एकदम तिरके झाले, बाकीच्यांनी कसेबसे हसू दाबले, आणि दुसऱ्याच दिवशी माझी उचलबांगडी मुलांच्या विभागात झाली. मोठ्यांना नकोशी झालेली वस्तू मुलांच्या गळ्यात मारायची, ही रीत मला तेव्हा कळली. वाईट वाटले, पण ते फार दिवस टिकले नाही, कारण तिथे, वरच्या मजल्यावर, वाचनबाई होत्या.

वाचनबाई म्हणजे मुलांच्या विभागाच्या बाई. दर शनिवारी दुपारी त्या मुलांना जमिनीवर गोल बसवून एक गोष्ट वाचून दाखवायच्या. वाचून झाले की पुस्तक मिटायचे आणि खरी गंमत सुरू व्हायची. बाई तीन प्रश्न विचारायच्या. गोष्ट कोण सांगतंय? ती कुठून निघाली आणि कुठे पोचली? आणि गोष्टीला म्हणायचंय काय? मुले आधी गप्प बसायची, मग एकदम सगळी बोलायची. त्यानंतर एकाने माझ्यावर येऊन बसायचे आणि तीच गोष्ट दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून सांगायची. माझ्यावर बसला की त्याने "मी" म्हणूनच बोलायचे, असा दंडक होता.

एकदा गोष्ट होती एका पाववाल्याची. त्याचा ताजा पाव कुत्रा पळवतो. सगळ्यांना पाववाल्याची दया आली. मग एक मुलगा माझ्यावर चढला आणि म्हणाला, "मी कुत्रा. मी कालपासून त्याच्या दारात बसलोय आणि हा माझ्याकडे बघतसुद्धा नाही." लगेच सगळी मुले कुत्र्याच्या बाजूला गेली. त्याच्यामागून एक चष्मेवाला मुलगा आला. तो इतका वाद घालायचा की सगळे त्याला वकील म्हणत. तो बसला आणि म्हणाला, "मी पाव. मला खाण्यासाठीच केलंय. तुमचं भांडण चालू द्या, पण मी शिळा होतोय." बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सभेच्या खोलीत मी आयुष्यभर राहिले असते तरी हे सुख मला मिळाले नसते. मला वाटायचे, या मुलांना आता कोणी फसवू शकणार नाही.

बाईंचा आणखी एक नियम होता आणि तो नीट समजून घ्या. एक अडखळत बोलणारा मुलगा एकदा भित्र्या हरणाची बाजू फार सुंदर बोलून गेला. उतरल्यावर बाकीच्यांनी त्यालाच "भित्रा, भित्रा" म्हणून चिडवले. तो रडत घरी गेला. त्या दिवसापासून बाईंनी ठरवून टाकले, खुर्चीत जो बोलला तो गोष्टीतला. खाली उतरल्यावर त्याबद्दल कोणी काही विचारायचे नाही, मुलांनी नाही आणि बाईंनीही नाही. नियम मायेपोटी झाला होता. त्याने लाजरीबुजरी मुले धीट झाली, हे मी स्वतः अनुभवले आहे.

अशीच एक मुलगी होती. तिचा आवाज इतका बारीक होता की मुलांनी तिचे नाव कुजबूज ठेवले. तिला ते आवडायचे. तिला वडील नव्हते. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती, चादरी धुवून तिच्या बोटांची टोके पांढरी पडलेली असत. शनिवारी कामावर जाताना ती मुलीला खाली दारापर्यंत सोडायची. कुजबूज वर यायची, कोपऱ्यात बसायची, सगळे ऐकायची आणि माझ्याकडे चोरून बघायची. बसायची मात्र नाही. बाईंनीही कधी आग्रह केला नाही.

मग तिच्या आईने दुसरे लग्न केले. नवऱ्याचे फर्निचर दुरुस्तीचे छोटे दुकान होते. कुजबूज त्याला काका म्हणायची. शनिवारी संध्याकाळी तिला न्यायला तोच येऊ लागला. हसतमुख, स्वच्छ शर्ट, खिशात मुलांसाठी गोळ्या. एकदा त्याने माझा सैल पाय पाहिला आणि म्हणाला, "बाई, ही खुर्ची एक दिवस कोणाला तरी पाडेल. मी बघू का?" त्याने मला आडवे केले, जुना खिळा काढला, सरस भरला, नवा स्क्रू बसवला आणि सगळीकडून हात फिरवून कुसळे लागत नाहीत ना ते पाहिले. पैसे विचारले तर हात जोडले. मित्रांनो, जन्मल्यापासून इतक्या हळुवार हाताने मला कोणी धरले नव्हते. मी त्या माणसावर खूश झाले. कुजबूज मात्र तो काम करत होता तोवर कपाटाला पाठ लावून उभी होती आणि त्याच्या हातांवरून तिची नजर हटत नव्हती. तिला कौतुक वाटत असेल, असे मी समजले.

त्यानंतर थंडीच्या दिवसांत बाईंनी साळिंदराची गोष्ट वाचली, सशिणीने सांगितलेली. एक सशीण आपल्या पिल्लासोबत बिळात राहत असते. गारठ्यात कुडकुडत एक साळिंदर येतो आणि आसरा मागतो. सशीण म्हणते, तुझे काटे आम्हाला लागतील. साळिंदर म्हणतो, मी ते मिटून राहीन. ती त्याला आत घेते. एके दिवशी कोल्हा येतो तेव्हा साळिंदर दारात काटे फुलवून उभा राहतो आणि कोल्हा पळून जातो. तिघे सुखाने राहतात. शेवटी लिहिले होते, आपल्या घरात दुसऱ्यालाही जागा द्यावी.

"कोण बसतंय?" बाईंनी विचारले. कुजबूज उठली. सगळी मुले चकित होऊन बघत राहिली. ती आली आणि माझ्या अगदी कडेवर टेकली.

"मी सशाचं पिल्लू," ती म्हणाली. "आमचं बीळ छोटं होतं. मी आणि आई एकमेकींना चिकटून झोपायचो. मग साळिंदर आला. आई म्हणाली, त्याला कोणी नाही. तो म्हणाला, मी काटे मिटून राहीन. आई असते तेव्हा तो मिटतो. आई पाला आणायला गेली की उघडतो."

वकील लगेच उसळला. "बाई, हे चूक आहे! पुस्तकात साळिंदर चांगला आहे."

"पुस्तकात गोष्ट कोण सांगतंय?" बाईंनी विचारले.

"सशीण."

"मग सशिणीला दिसला तेवढाच साळिंदर पुस्तकात आला. ती घरात नसताना काय झालं, ते तिला कुठून कळणार? ते पिल्लालाच माहीत. बाजू बदलली की गोष्ट बदलते ती अशी. शाब्बास, कुजबूज!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी इतके अचूक समजावले होते की पुस्तकातसुद्धा कोणी तसे लिहिले नसेल. पण बाई पुस्तकातल्या गोष्टीबद्दल बोलत होत्या आणि ती मुलगी आपल्या घराबद्दल बोलत होती. मला ते कळले होते, कारण टाळ्यांच्या आवाजाने दचकून तिची पाठ माझ्या पाठीला लागली आणि चटका बसावा तशी ती पुढे सरकली. माणसे कशी बसतात याशिवाय मला दुसरे काय येते? दुखऱ्या पाठीचे माणूस मी लगेच ओळखते. कोणाला सांगणे मात्र माझ्या हातात नव्हते.

पुढच्या शनिवारी ती स्वतःहून म्हणाली, "बाई, पिल्लाचं अजून राहिलंय."

"मग आज मधला भाग," बाई आनंदाने म्हणाल्या. "गोष्टीचा आरंभ झाला. मध्ये अडचण वाढत जायला हवी."

अडचण वाढली होतीच. "बीळ लहान आहे," पिल्लू सांगू लागले, "म्हणून कुठेही बसलं तरी काटे लागतात. पाणी सांडलं तर लागतात. हसलं तरी लागतात. तो बाहेर जाताना बिळाच्या तोंडावर दगड लावून जातो. म्हणतो, आईला सांगितलंस तर ती मला हाकलेल. मग कोल्हा येईल आणि आईला खाईल. आणि ते तुझ्यामुळे होईल."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. एका छोट्या मुलीने शेजारणीचा हात धरला. "फार छान," असे बाई म्हणाल्या, पण नेहमीच्या आवाजात नाही.

मुले गेल्यावर ग्रंथपाल कुलपे लावायला वर आले. बाई माझ्या हातावर हात ठेवून उभ्या होत्या. "साहेब, मला त्या कुजबुजीची गोष्ट खटकते आहे," त्या म्हणाल्या. "इतकं कोणी मनचं रचतं का?"

"तुम्हीच तर शिकवता रचायला," ग्रंथपाल हसून म्हणाले. "आता एवढी शिकली तर घाबरलात?"

"तिला विचारावं असं वाटतं."

"विचारा की. पण मग तुमच्या नियमाचं काय? उद्या एकही मूल त्या खुर्चीत बसणार नाही. आणि अहो, तो माणूस किती सज्जन आहे! एवढी खुर्ची फुकट दुरुस्त करून दिली. एक पै घेतली नाही."

बाईंनी माझ्या पायाकडे पाहिले. तो आता घट्ट होता, डुगडुगत नव्हता. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला. "खरं आहे. मी उगाच काहीबाही मनात आणते," असे म्हणून त्यांनी पिशवी उचलली. मित्रांनो, त्या माणसाच्या बाजूने साक्ष मीच दिली, तीही चार पायांवर नीट उभी राहून. माझी दुरुस्ती झाली नसती तर किती बरे झाले असते, असे तेव्हा पहिल्यांदा वाटले.

तिसऱ्या शनिवारी कुजबूज आली तेव्हा डाव्या हाताने दप्तर सांभाळत होती, उजवा हात पोटाशी धरलेला. जिन्यात पडले, असे तिने बाईंना सांगितले. ती माझ्यावर बसली.

"आज शेवट," बाई म्हणाल्या.

"शेवट अजून झालेला नाही, बाई."

"शेवट आपोआप होत नसतो, राणी. तो सांगणाऱ्याच्या हातात असतो. पिल्लाने काय करावं असं तुला वाटतं?"

"पिल्लाला माहीत नाही," ती म्हणाली. मग मान वर करून तिने सगळ्यांकडे पाहिले. "तुम्ही सांगा ना."

हा तिचा प्रश्न होता. इतका सरळ प्रश्न तिने आयुष्यात कोणाला विचारला नसेल. आणि मुले चांगली होती हो, त्यांनी मनापासून उत्तरे दिली. एक म्हणाला, साळिंदराला मार द्यावा. दुसरी म्हणाली, कोल्ह्याला खरंच बोलवावं. मग वकील उभा राहिला. चष्मा वर सरकवून म्हणाला, "पुढे दगड आहे ना? मग पिल्लाने मागून दुसरं दार काढावं. सशांना खणता येतं. गुपचूप खणायचं आणि एक दिवस निघून जायचं. साळिंदर येऊन बघतो तर बीळ रिकामं!"

काय टाळ्या पडल्या! कोणी जमिनीवर थापा मारल्या. बाईंच्या चेहऱ्यावरचे मळभ गेले. "हा खरा शेवट," त्या म्हणाल्या. "पिल्लू दुसऱ्या कोणाची वाट बघत बसत नाही. स्वतः मार्ग काढतं. आता गोष्टीला काय म्हणायचंय तेही बदललं, बघा."

"स्वतः मार्ग काढतं," कुजबूज हळूच म्हणाली. ती माझ्यावरून झटकन उतरली. खालून काकांची हाक आली. जाताना तिने साळिंदराचे पुस्तक घरी नेण्यासाठी मागून घेतले.

पुढच्या शनिवारी ती आली नाही. बाईंनी तिच्यासाठी थोडा वेळ थांबून मग वाचायला घेतले. पुस्तक अर्धे झाले असेल, तेवढ्यात ग्रंथपाल दारात येऊन उभे राहिले. त्यांनी बाईंना बाहेर बोलावले, पण दार नीट लागले नाही आणि सगळे आम्हाला ऐकू आले.

कुजबुजीच्या घराला बाहेरून कुलूप होते. मागच्या खिडकीला जाळी होती. कुजबुजीने त्या जाळीचे स्क्रू काकांच्याच स्क्रू ड्रायव्हरने एक एक करून काढले होते, आठवडाभर थोडे थोडे. मग आदल्या दिवशी, आई कामावर असताना, पाइप धरून ती खाली उतरू लागली. पण तिचा उजवा हात दुखरा होता. वरच्या मजल्यावरून ती फरसबंदीवर पडली. इस्पितळात तिच्या पाठीवरचे वळ सगळ्यांनी पाहिले आणि काकांना पोलीस घेऊन गेले. त्याच इस्पितळात तळघरात तिची आई चादरी धूत होती. तिला वर बोलावून आणेपर्यंत मुलगी गेली होती.

आत मुले कशी बसली होती ते मी सांगत नाही. वकिलाने चष्मा काढून ठेवला होता, एवढेच सांगते. तो पुन्हा कधी वर आला नाही. कोणीतरी त्याला जाऊन सांगायला हवे की त्याची चूक नव्हती. त्याने सशाच्या पिल्लाला उपाय सांगितला होता. तिथे एक माणसाचे पिल्लू बसले आहे, हे ओळखणे त्याचे काम नव्हते.

काही दिवसांनी तिची आई आली. पुस्तक परत करायला. मुले नव्हती. बाईंनी पुस्तक घेतले. मग आई माझ्यावर बसली. या खुर्चीत काय चालते हे तिला ठाऊक नव्हते. ती फक्त दमली होती.

"तिला इथे यायला फार आवडायचं," ती म्हणाली. "काय करायची हो ती इथे?"

बाईंनी सांगितले. काही लपवले नाही. बीळ, काटे, दगड, कोल्हा, सगळे सांगितले. आई ऐकत होती आणि माझे दोन्ही हात तिने इतके घट्ट धरले होते की मला वाटले, आता ते मोडतील.

"मला एका शब्दाने बोलली नाही," ती म्हणाली. "मीच त्याला घरात घेतला. मला वाटलं, तिला वडील मिळतील." तिने मान वर करून विचारले, "तुम्हाला कळलं होतं?"

"खटकलं होतं."

"मग?"

"आमचा नियम होता," बाई म्हणाल्या. "खुर्चीत सांगितलेल्याबद्दल विचारायचं नाही."

आई ओरडली नाही. "मी दर शनिवारी तिला सोडायला यायचे, बाई," ती म्हणाली. "तिथे खाली, दारापर्यंत. तुम्हाला फक्त एक जिना उतरायचा होता."

ती गेल्यावर बाईंनी मला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवले. आता शनिवारी त्या वाचतात, पुस्तक मिटतात आणि मुले घरी जातात. कोण सांगतंय, असे कोणी विचारत नाही. कोणी "मी" म्हणत नाही. बाईंना वाटते, त्यामुळे कोणाचे वाईट होणार नाही. मला हे पटत नाही. ज्या घरांत काटे आहेत, त्या घरांतली मुले आजही या खोलीत येऊन बसत असतील. पूर्वी त्यांना बोलायला एक जागा तरी होती. आता तीही गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुमच्यापुढे हात जोडतात. आम्हाला जपा, पुसा, उन्हात टाकू नका म्हणतात. मला त्यातले काही नको. माझी मोळी करून चुलीत घातलीत तरी माझी तक्रार नाही. मला एवढेच मागायचे आहे. तुमच्यातली एखादी मुलगी गोष्ट सांगू लागली, ससा म्हणाली, चिमणी म्हणाली, काहीही म्हणाली, आणि शेवट अजून झालेला नाही असे म्हणाली, तर टाळ्या वाजवू नका. तिला शेवट सुचवू नका. तिच्या शेजारी जाऊन बसा आणि हळूच विचारा, ही गोष्ट तुझी आहे का? ती हो म्हणाली, किंवा नुसती गप्प राहिली, तरी उठा आणि मोठ्या माणसाकडे जा. ते हसतील, उगाच काहीबाही मनात आणू नका म्हणतील. मग दुसऱ्याकडे जा, तिसऱ्याकडे जा, आणि कोणीतरी तिच्या घरी जाईपर्यंत सांगत राहा.